जोतिबाच्या डोंगरावरचा प्रश्न आणि आपल्या लेकरांच्या हातातली चित्रं

वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, बचत गटाच्या बैठकांसाठी मला अधूनमधून जावं लागतं. चैत्र यात्रेच्या आधीचा रविवार होता. घरी सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून लेकीला सोबत घेतलं. ती दुसरीत आहे. बैठक आटोपून परतताना आम्ही दुकानांच्या रांगेतून चाललो होतो. गुलालाची पोती, खोबरं, दवण्याच्या जुड्या आणि देवाचे फोटो. एका फोटोपुढे ती थांबली आणि खाली लिहिलेलं नाव तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं. मग मोठ्यानं विचारलं, "आई, हे आपले जोतिबा आहेत का? आपल्या घरातल्या फोटोत तर पागोटं आहे. इथं तलवार कशाला?"

दुकानदार काका हसले. म्हणाले, "न्हाई बाळ, ह्यो देव. रत्नासुर राक्षसाला मारायला आला हुता." त्यावर लेकीचा पुढचा प्रश्न, "राक्षस कोण होता? त्यानं काय केलं होतं?" काकांकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याकडेही नव्हतं. म्हणजे होतं, पण सात वर्षांच्या पोरीला उभ्या उभ्या सांगता येईल असं नव्हतं.

मित्रांनो, हा प्रश्न भाबडा नाही. या दोन जोतिबांचा संबंध आहेच. 1827 मध्ये पुण्यात गोऱ्हे-फुल्यांच्या घरी मुलगा झाला तो जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी, म्हणून त्याचं नाव जोती ठेवलं, असं चरित्रकार सांगतात. ज्या माणसानं पुढे देवळांची आणि पुराणांची चिकित्सा केली, त्याचं नावच या डोंगरावरून आलेलं आहे. आणि त्या माणसानं आपल्या नावाच्या देवाला तसंच सोडलं नाही. 1873 च्या 'गुलामगिरी'त त्यांनी या जोतिबाचा हिशेब मांडला आहे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जोतीरावांच्या मांडणीत बळी हा इथल्या कष्टकरी रयतेचा राजा. त्याच्या राज्याचे भाग पाडलेले होते आणि त्यावर अधिकारी नेमलेले होते. महासुभ्याचा झाला म्हसोबा, नऊ खंडांचा न्याय करणाऱ्याचा झाला खंडोबा. आणि कोल्हापूरजवळच्या रत्नागिरी डोंगरावर राहून या बाजूचा मुलूख सांभाळणारा अधिकारी, तो जोतिबा. म्हणजे जोतिबा आकाशातून राक्षस मारायला उतरलेला नाही. तो बळीचा माणूस आहे, आपला माणूस आहे. राक्षस हा शब्दही जोतीराव उलटा वाचतात. रक्षण करणारे ते राक्षस, जिंकणाऱ्यांनी त्यांना दात आणि शिंगं लावली. आमच्या आज्या दसऱ्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणत आल्या, त्या वाक्याचा धागा पकडून जोतीरावांनी वामनाची अख्खी गोष्ट उलटी केली.

तर घरी आल्यावर मी 'गुलामगिरी' काढली. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात, असं ते पुस्तक सवालजवाबाचं आहे. धोंडीबाचे प्रश्न थेट असतात, माझ्या लेकीच्या प्रश्नांसारखेच. पण भाषा दीडशे वर्षांपूर्वीची, संदर्भ मोठ्यांचे, राग मोठ्यांचा. मग वाटलं, याचं चित्रांचं पुस्तक असेल. आमच्या विहारात बघितलं, जयंतीच्या स्टॉलवर बघितलं, ओळखीच्या कार्यकर्त्यांना विचारलं. बळीराजाचा अधिकारी असलेला जोतिबा एकाही चित्रात सापडला नाही. डोंगरावर मात्र तलवारवाला जोतिबा प्रत्येक दुकानात, प्रत्येक मापात मिळत होता.

मग मी शंभर पानी कोरी वही आणली. मी चित्रकार नाही, एम.ए. समाजशास्त्रात केलं आहे. पण पोरीसाठी पुस्तक करायचं ठरवलं आणि तिथूनच हा सगळा विचार सुरू झाला.

माझा मुद्दा आधी सांगते, मग इतिहास. आपल्या चळवळीनं गोष्ट बदलली, पण चित्र बदललं नाही. आपल्या महापुरुषांनी अक्षरांत जी क्रांती केली ती लेकरांच्या डोळ्यांपर्यंत पोचलीच नाही.

दुसरं उदाहरण याहून टोचणारं आहे, कारण ते देवळातलं नाही, आपल्या घरातलं आहे. सिद्धार्थ गौतमानं घर का सोडलं? आपल्या बहुतेक मुलांना विचारा. रथातून जाताना म्हातारा दिसला, आजारी दिसला, प्रेत दिसलं, संन्यासी दिसला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेब म्हणतात की हे बुद्धीला पटत नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा माणूस आणि प्रेत पाहिलंच नव्हतं, यावर कोण विश्वास ठेवेल? बाबासाहेबांनी दिलेलं कारण आहे रोहिणी नदीचं पाणी. शाक्य आणि कोलिय यांच्यात पाण्यावरून भांडण पेटलं, शाक्य संघानं युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थानं भर सभेत विरोध केला, बहुमत विरोधात गेलं आणि त्यानं युद्धापेक्षा देशत्याग पत्करला. केवढी जबरदस्त गोष्ट आहे! त्यात नदी आहे, शेतं आहेत, सभा आहे, मतदान आहे, एकटा पडलेला तरुण आहे. पाण्यावरून होणारी भांडणं तर आपल्या प्रत्येक गावातल्या पोराला कळतात. पण 1957 मध्ये हा ग्रंथ आला, आणि मी माझ्या लेकीसाठी जयंतीला निळ्या झेंड्याखालच्या स्टॉलवरून विकत घेतलेल्या पुस्तकात चित्र कशाचं? रथाचं आणि काठी टेकलेल्या म्हाताऱ्याचं. ते पुस्तक मीच विकत घेतलं, मीच वाचून दाखवलं, त्यामुळे दोष दुसऱ्याला देत नाही.

एम.ए.ला आम्हाला प्राथमिक सामाजिकीकरण नावाचं प्रकरण होतं. परीक्षेत दहा गुणांसाठी लिहिलं आणि विसरलो. आता कळतं. अक्षर ओळखण्याआधी पोर चित्र ओळखतं. पहिलं चित्र डोक्यात बसलं की पुढे दहा पुस्तकं वाचली तरी डोळे मिटल्यावर तेच दिसतं. हे पुराण सांगणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

आपल्यासारख्याच दुसऱ्या एका समाजानं हे फार लवकर ओळखलं होतं. 'गुलामगिरी' जोतीरावांनी अर्पण केली होती ती अमेरिकेतल्या निग्रोंची गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या तिथल्या भल्या लोकांना. त्या गुलामांच्या नातवंडांच्या पिढीत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे विचारवंत झाले. 1946 मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिलं आणि ज्यांनी त्याला उत्तर दिलं, तेच हे. डू बॉइस 'क्रायसिस' नावाचं मासिक चालवत. त्यात लिंचिंगच्या, म्हणजे जमावानं काळ्या माणसांना मारल्याच्या बातम्या येत. 1919 मध्ये त्यांनी लिहिलं की बारा वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलंय. तिला आपल्या लोकांबद्दल जाणून घ्यायचं होतं, पण गोऱ्यांबद्दल तिच्या मनात फक्त द्वेष भरला होता. डू बॉइस हादरले. मुलांपासून सत्य लपवता येत नाही, पण द्वेषावर मुलं वाढवताही येत नाहीत, हा पेच त्यांनी उघडपणे मांडला. आणि जानेवारी 1920 मध्ये 'द ब्राउनीज बुक' हे काळ्या मुलांसाठीचं सचित्र मासिक सुरू केलं. संपादनाचं मोठं काम जेसी फॉसेट या बाईंनी केलं. लॉरा व्हीलर यांच्यासारख्या काळ्या स्त्री चित्रकारांनी त्यात चित्रं काढली. त्यात काळ्या मुली परी होत्या, काळी मुलं शूर होती, शाळेत पहिल्या आलेल्या खऱ्या मुलांचे फोटो होते. दोन वर्षं, चोवीस अंक. मग वर्गणीदार पुरेना म्हणून डिसेंबर 1921 मध्ये ते बंद पडलं.

जानेवारी 1920 ही तारीख आपल्याला ओळखीची आहे. त्याच महिन्याच्या 31 तारखेला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. दोनच महिन्यांनी, 21 आणि 22 मार्चला, इथून जवळच माणगावला परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांना आपल्या लोकांपुढे उभं केलं. त्यांनी मुलांचं मासिक काढलं आणि आपण का नाही काढलं, असा उपदेश मी करणार नाही. तेव्हा आपल्या पोरांची लढाई वर्गात बसायला जागा मिळवण्याची होती. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकत्र बसवण्याचा शाहू महाराजांचा हुकूम निघून तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते, 1919 सालचा तो हुकूम. ज्यांना पाटी धरायला मिळत नव्हती त्यांच्यासाठी चित्रांचं पुस्तक कोण छापणार? त्या काळाला माफ आहे. 1960 नंतरच्या काळाला माफ आहे का, हा माझा प्रश्न आहे. आपण कवाली केली, जलसे केले, आत्मचरित्रं लिहिली, जगाला दखल घ्यायला लावणारं साहित्य उभं केलं. पण ते सगळं जागत्या मोठ्या माणसांसाठी होतं. लेकरं मांडीवर झोपून गेली.

1965 मध्ये अमेरिकेत नॅन्सी लॅरिक या बाईंनी मुलांची पुस्तकं चक्क मोजली. तीन वर्षांत निघालेली 5,206 पुस्तकं. त्यात एखादं तरी काळं माणूस असलेली 349. तिनं लेखाची सुरुवात एका पाच वर्षांच्या काळ्या मुलीच्या प्रश्नानं केली होती. पुस्तकात नेहमी गोरीच मुलं का असतात, असा तो प्रश्न. कोणीतरी तरुण संशोधकानं मराठी बालपुस्तकांची अशी मोजणी करावी. विषय शोधत फिरणाऱ्या माझ्या पीएच.डी.वाल्या भावंडांनो, हा घ्या.

आपल्या पिढीनं चित्रातले बाबासाहेब पहिल्यांदा पाहिले ते बहुतेकांनी 'अमर चित्र कथे'त. ही मालिका 1967 मध्ये अनंत पै यांनी सुरू केली. कृष्ण, राम, पुराणं, राजे, संत असं सगळं होत होत बाबासाहेबांचा अंक आला 1979 मध्ये. चित्रं दिलीप कदमांची आहेत आणि हात तयारीचा आहे, नाकारत नाही. पण जी चौकट रामाला, जी चौकट राजाला, तीच चौकट बाबासाहेबांना. एक तेजस्वी नायक, बाकी गर्दी. आपली पोरं त्या गर्दीत कुठेतरी मागे, चेहऱ्याशिवाय.

ती चौकट मोडली एका बाईनं, आणि ती आपल्या चळवळीतली नव्हती. दुर्गाबाई व्याम. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या परधान गोंड. शाळेत कधी गेल्या नाहीत. लहानपणी घरातल्या बायकांकडून दिग्ना शिकल्या. दिग्ना म्हणजे घराच्या भिंतीवर आणि जमिनीवर सणावाराला काढायची नक्षी. परधान हे गोंडांचे कथेकरी. बाना वाजवत वंशाच्या गोष्टी गाणारे. म्हणजे घरात गोष्ट होती आणि हातात चित्र होतं. पुढे भोपाळला आल्यावर त्या कागदावर काढू लागल्या. मुलांच्या पुस्तकांना त्यांनी भरपूर चित्रं दिली. 2007 मध्ये कांचा इलैया यांनी श्रमाच्या प्रतिष्ठेवर मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं. कुंभार, चांभार, न्हावी, परीट, शेतकरी यांच्या कामात केवढं शास्त्र आहे ते सांगणारं. त्याची चित्रं दुर्गाबाईंची. आणि 2011 मध्ये 'नवयान'नं काढलेलं 'भीमायन'. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची, चित्रं दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांची. दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, पण माझ्या दृष्टीनं त्यांचं मोठं काम 'भीमायन'च.

त्या पुस्तकात नेमकं काय झालं ते नीट बघा, कारण शिकण्यासारखं तिथं आहे. व्याम दांपत्यानं चौकोन आखायला नकार दिला. माणसांना खोक्यात कोंडणार नाही, आमची चित्रं मोकळ्या जागेत श्वास घेतात, अशी त्यांची भूमिका. बोलण्याचे फुगे त्यांनी वेगळे केले. सोसणाऱ्याचे, साधे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात. डंख मारणारे जातीचे शब्द विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. मनातला विचार असेल तिथे फुग्याला डोळा. न वाचता येणाऱ्या पोरालाही कळतं की या पानावर कोण विष ओकतंय. महाडच्या सभेत बाबासाहेब बोलताहेत आणि कर्ण्यांतून पाण्याच्या धारा लोकांवर पडताहेत. एका चित्रात चवदार तळ्याचा अर्थ आला. त्यावर आपण किती पानं लिहिली असतील!

पुस्तकाचे भागही पाणी, निवारा आणि प्रवास असे. सुरुवात होते ती साताऱ्याच्या शाळेत तहानलेल्या लहान भीमापासून. मग मसूर स्टेशनचा प्रसंग. 1901 साल, वडिलांना भेटायला नवे कपडे घालून निघालेली पोरं, जात कळल्यावर मागे सरकलेला स्टेशनमास्तर, रात्रभर जवळ जेवण असून पाण्यावाचून काढलेली रात्र. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेलं आहे. मसूर आपल्यापासून काही तासांवर आहे. कोल्हापुरातून पुण्याला जाणारी रेल्वे तिथूनच जाते. माझी लेक त्या रुळांवरून गेली आहे. नायक म्हणून तिला पुतळ्यातले बाबासाहेब दूरचे वाटतात, पण तहान लागलेला दहा वर्षांचा मुलगा तिच्या वर्गातला वाटतो. फरक चित्र कुठून काढता याचा आहे.

आता विरोधातला आवाज. माझ्या वहीबद्दल ऐकून एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला सुनावलं. "ताई, 14 ऑक्टोबर 1956 ला आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देवांचा विषय संपला. आणि तुम्ही पोरीला जोतिबा शिकवताय?" दादांचा राग मी समजू शकते. माझ्या आजीनं देव्हारा पाण्यात सोडला होता, ते घरात अजून सांगितलं जातं. पण दादा, आपण गप्प बसलो म्हणून डोंगर गप्प बसत नाही. चैत्रात सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं' घुमतं, शेजारची पोरं गुलाल घेऊन येतात. लेकीच्या मैत्रिणी जाऊन येतात आणि शाळेत सांगतात. आपण गोष्ट सांगितली नाही तर तिच्याकडे एकच गोष्ट उरते, दुकानातली. जोतीरावांनी जोतिबाची पूजा शिकवली नाही, चौकशी शिकवली.

पण माझी स्वतःची अडचण वेगळीच आहे आणि ती कोणी फारशी बोलत नाही. महासुभा आणि म्हसोबा, नऊ खंड आणि खंडोबा, या व्युत्पत्ती आजच्या भाषाशास्त्रात टिकतील असं मला वाटत नाही. जोतीरावांच्या हातात तेव्हा जे होतं त्यातून त्यांनी रयतेच्या बाजूची गोष्ट उभी केली. तिची ताकद त्या बाजूत आहे. ती मी पोरीला 'असंच घडलं होतं' म्हणून सांगितली तर माझ्यात आणि माहात्म्य सांगणाऱ्यात काय उरलं? असाच मोह पोहाळ्याच्या लेण्यांबाबत होतो. जोतिबाच्याच डोंगररांगेत पोहाळे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत, विहार आहे, चैत्य आहे. भिक्खू इथं राहिले, हे दगडात आहे. तिथून 'म्हणजे वरचं देऊळही मुळात बुद्धाचंच' अशी उडी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज मारली जाते. पुरावा असेल तर मांडा, नसेल तर पोरांच्या पुस्तकात तरी नको. बाबासाहेबांनी म्हाताऱ्याचं आणि प्रेताचं चित्र याच कसोटीवर बाजूला ठेवलं होतं.

चांगल्या हेतूनं चित्र चांगलं होतंच असं नाही. 1844 च्या नाताळात फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमान या डॉक्टरला आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी बाजारात धड पुस्तक मिळेना. त्यानंही कोरी वही आणली आणि स्वतः गोष्टी लिहून चित्रं काढली. तीच पुढे छापून जगभर गेली. त्यात एक गोष्ट आहे, काळ्या मुलाला चिडवणाऱ्या तीन पोरांची. हेतू त्या मुलाच्या बाजूचा. पण शिक्षा काय, तर त्या पोरांना शाईच्या दौतीत बुडवून काळंकुट्ट करतात. म्हणजे काळं होणं ही शिक्षाच ठरली! ती पानं बघून मी माझ्या वहीतलं एक पान फाडलं. मी वामनाला शिंगं काढली होती.

तर वही अशी चालली आहे. पहिल्या पानावर दोन जोतिबा शेजारी शेजारी, एकाला पागोटं आणि एकाला तलवार, मध्ये लेकीचा प्रश्न तिच्याच अक्षरात. दुसऱ्या पानावर 'दुकानातले काका सांगतात' आणि तिसऱ्यावर 'जोतीराव सांगतात'. चौथ्यावर मी लिहिलं, 'तुला काय वाटतं?' त्याखाली तिनं घोडा काढला. तलवार काढली नाही, घोड्यावर धान्याची पोती लादली. विचारलं तर म्हणाली, "अधिकारी आहे ना, रेशन वाटायला चाललाय."

त्यानंतर पोहाळ्याची दोन पानं आहेत, त्यात आम्ही लेण्यात बसून डबा खाल्ला तेवढंच आहे. सध्या रोहिणी नदीचं पान चालू आहे. कपिलवस्तूची नदी कशी दिसायची मला माहीत नाही, म्हणून ते काम मी तिच्याकडे सोपवलं. तिनं पंचगंगा काढली आहे. घाटाच्या पायऱ्या आहेत, पाण्यात म्हशी आहेत, एका काठावर शाक्य आणि दुसऱ्यावर कोलिय, दोघांच्याही हातात कळश्या. सिद्धार्थ अजून काढलेला नाही. तो कुठल्या काठावर उभा करायचा, यावर दोन दिवस झाले तिचं ठरत नाही.